इंदुमतीबाईंपुढचे दोन ग्लास

बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि काम काय, तर घरोघर जाऊन लोकांचं पाणी गढूळ करून दाखवायचं! फलटणच्या धैर्यशील जगदाळेला दिल्लीत येऊन हेच मिळालं होतं.

पाणी शुद्ध करायच्या मशीनची कंपनी होती. बॅगेत दोन ग्लास आणि सळया लावलेलं एक छोटं यंत्र. एका ग्लासात गिऱ्हाइकाच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात बाटलीतून आणलेलं कंपनीच्या मशीनचं. बटण दाबलं की मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी, वर हिरवट फेस. मशीनचं मात्र नितळ. घरातल्या बायका ‘हाय राम’ म्हणून मागे सरायच्या. खरं तर तो गाळ पाण्यातला नव्हताच. नळाच्या पाण्यात क्षार, म्हणजे आयन. आयन आहेत म्हणून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडी सळईच झिजून पाण्यात उतरते. मशीनच्या पाण्यात आयन जवळजवळ नाहीतच, तर वीज वाहणार कशी? त्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तसंच घाण झालं असतं. पण गुडगावच्या नव्याकोऱ्या सोसायट्यांमध्ये अकरावीची केमिस्ट्री कुणाच्या लक्षात राहिलीय! बोअरचं पाणी खारं होतं, मशीन कामाचं होतं. खोटा होता तो फक्त खेळ. धैर्यशीलला त्याची लाज वाटायची, आणि तरी तो बटण दाबायचा.

न दाबून सांगतो कुणाला? नोकरी कच्ची. पक्की व्हायला महिन्यात वीस बुकिंगं लागायची. एकोणीस झाली होती आणि आज एकतीस तारीख. लक्ष्मीबाई नगरात मामाच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो सहा महिने पथारी टाकून होता, आणि मामीने परवा सहज, अगदी सहज हं, गावाकडे जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसची वेळ विचारली होती.

तेव्हा त्याला इंदुमतीबाई आठवल्या. अकरावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाई रिटायर होऊन गुडगावला मुलाकडे आल्याचं त्याला ठाऊक होतं. त्या नाही म्हणायच्या नाहीत. शिवाय त्यांच्यापुढे तो खेळ करायची वेळच येणार नाही, असं त्याने मनाशी धरलं.

दार सुनेनं, केतकीनं उघडलं. बाई आतून बघत आल्या आणि एकदम खुलल्या.

“जगदाळे! तिसरा बाक, खिडकीजवळचा! किती वाळलास रे!”

“बघा,” केतकी हसत म्हणाली, “परवा गॅसवर दूध ठेवून विसरल्या, आणि यांचा बाक लक्षात आहे.”

धैर्यशीलने घाईघाईने फॉर्म काढला.

“डेमो नाही दाखवणार?” केतकी म्हणाली. “वरच्या मिसेस खन्नांकडे पाणी एकदम ब्राऊन झालं होतं. मला बघायचंय यार.”

आता आली का पंचाईत! त्याने टाळून पाहिलं, पण ती नळाचं पाणी घेऊनच आली. बटण दाबलं. नळाचं पाणी गढूळलं, मशीनचं नितळच राहिलं.

“शी! हे पितो आपण?”

बाईंनी चष्मा पुसला आणि ग्लासाजवळ वाकल्या. “लोखंड आहे हे. फेरिक हायड्रॉक्साईड. पण ते सळईचं ना रे, जगदाळे?”

केतकीने बाईंकडे नाही, धैर्यशीलकडे पाहिलं. ‘हो बाई’ एवढंच म्हणायचं होतं. फॉर्म टेबलावर पडला होता, सही राहिली होती.

“नाही बाई, पाण्यातलंच. इथलं बोअरचं पाणी फार वाईट.”

“पण त्या दुसऱ्या पाण्यात आयन नाहीत, म्हणून वीज...” बाईंचं बोट हवेत, फळ्यावर लिहिल्यासारखं फिरलं आणि मधेच थांबलं. “मी उलटं सांगतेय का काही?”

“आता खूप नवीन आलंय, बाई,” तो म्हणाला. म्हणताना स्वतःचीच त्याला किळस आली.

“आई, राहू दे ना,” केतकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “यांचं रोजचं काम आहे हे.” आणि तिने सही केली.

झालं. विसावं बुकिंग. नोकरी पक्की.

बाई त्याला सोडायला लिफ्टपर्यंत आल्या. केतकीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाल्या, “जगदाळे, एक विचारू? मी तुम्हाला वर्गात चुकीचं शिकवलं का रे?”

“नाही हो बाई! चांगलं शिकवलंत तुम्ही.” हे तरी खरं होतं, म्हणून तो जरा जोरातच बोलला.

“मग तेव्हा बरोबर होतं. म्हणजे आत्ताच सगळं निसटायला लागलंय.” बाईंनी मान हलवली. “केतकी महिनाभर मागे लागलीय, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू म्हणून. मी ठणकावून सांगत होते, मला काही झालेलं नाही. ती माझी सून. तिला वाटतं मी हट्टी आहे. पण तू कशाला माझ्याशी खोटं बोलशील? जाते आता, तिला सांगते, उद्याच घेऊन चल.”

लिफ्टचं दार उघडलं. धैर्यशील आत शिरला आणि त्याने खाली जायचं बटण दाबलं.