ओनोमेच्या नावातली अक्षरं

मामुझो आजारी पडून घरी आला तरी आम्ही स्क्रॅबल क्लबातली माणसं आठवडाभर त्याच्या दाराशी गेलो नाही. आम्हाला त्याच्या बायकोची, ओनोमेवहिनींची, धास्ती होती.

आमच्या सापेले शहरात स्क्रॅबल शाळकरी पोरंसुद्धा खेळतात. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवायचे, एवढाच खेळ. पण मामुझो बसला की शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला यायचे. आम्ही बाकीचे दोनतीन अक्षरांचे शब्द लावून समोरच्याची वाट अडवणारे. त्याला ते हलकं वाटायचं. तो लांब शब्दांचा माणूस. हातात क्यू आणि एक्स एकदम आले तर आम्ही कपाळाला हात लावायचो. तो शांतपणे ‘इक्विनॉक्स’ मांडायचा. त्याच्या शब्दांपैकी निम्म्यांचा अर्थ त्यालाच माहीत नसे. विचारलं तर म्हणायचा, “अर्थाच्या नादी लागलो तर हरेन. मला नुसता आकार दिसतो.”

लग्न ठरत होतं तेव्हा हाच खेळ तो ओनोमेसाठी वेगळ्या तऱ्हेने खेळायचा. तिच्या नावाची पाच अक्षरं पटावर ठेवायची: ओ, एन, ओ, एम, ई. तिने पिशवीत हात घालून आणखी दोनचार सोंगट्या काढायच्या आणि त्याने सगळी अक्षरं लागतील असा शब्द शोधायचा. तिच्या नावातून त्याने ‘इमोशन’ काढला, ‘इकॉनॉमी’ काढला. एकदा ‘हनीमून’ निघाला तेव्हा तिच्या बहिणी तोंडाला पदर लावून पळाल्या होत्या आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

मग तिची आई गेली. आमच्या उरहोबो लोकांत सासूच्या मातीला जावयाने यायचं असतं. आपली माणसं, कापड, ढोल घेऊन यायचं, शवपेटीसमोर नाचायचं. आमच्यात मयत शवागारात ठेवून माती काही आठवड्यांनी करतात, त्यामुळे मातीची तारीख बरीच आधी ठरली होती. त्याच आठवड्यात नैरोबीला स्पर्धा होती आणि मामुझोची देशाच्या संघात निवड झाली होती. तो नैरोबीला गेला. त्याच्या जागी त्याचा भाऊ ओगागा नाचला. मांडवात वहिनींच्या चुलत्याने सगळ्यांच्या देखत विचारलं, “पोरी, नवरा कुठाय तुझा? अक्षरं वेचायला गेलाय?” लोक हसले. वहिनींनी खाली मान घातली.

तो चषक घेऊन परत आला. वहिनींनी चषकाला हात लावला नाही. पट आणि सोंगट्या तेवढ्या उचलून क्लबात आणून दिल्या आणि म्हणाल्या, “हे पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत नको.” त्याने माफी मागितली नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही. संसार चालू राहिला. जेवण वेळेवर ताटात पडत होतं, बोलणं मात्र कामापुरतं.

अर्धांगवायूचा झटका त्याला क्लबातच आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा त्याला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पाणी हवं असलं की तो भिंतीकडे बघून ‘बा, बा’ करायचा.

शेवटी ओगागा आणि मी पट घेऊन गेलो. वहिनी दारातच उभ्या होत्या.

“हेच आणायचं राहिलं होतं का, भावजी?”

“डॉक्टरांनीच सुचवलंय, वहिनी. ओळखीची वस्तू हाताला लागू दे म्हणाले,” मी सांगितलं.

“बायको ओळखीची नाही वाटतं,” असं म्हणून त्या बाजूला झाल्या.

आम्ही सात सोंगट्या त्याच्यापुढे टाकल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग डावा हात पुढे आला आणि एकेक सोंगटी सरकू लागली. ‘क्वेट्झल’. कुठल्यातरी पक्ष्याचं नाव.

“घ्या,” ओगागा म्हणाला. “तोंड बंद पडलं तरी आम्हाला हरवायची खोड गेली नाही.”

वहिनी पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून आपल्या नावाची पाच अक्षरं वेचली आणि त्याच्यासमोर उलटीसुलटी ठेवली. “माझं नाव लाव.”

त्याने सोंगट्या फिरवल्या, जुळवल्या, पुन्हा मोडल्या. कपाळावर घाम आला. नाव काही लागेना. वहिनी वळून आत गेल्या. मी मागोमाग गेलो.

“वहिनी, या खेळात माणसांची नावं चालत नाहीत. तीस वर्षं त्याचा हात नावं बाजूला टाकत आलाय.”

“ते मला कळतंय, भावजी,” त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. “बाजूला टाकत आलाय.”

पट तिथेच राहू देऊन आम्ही निघालो.

पुढच्या रविवारी चर्चनंतर त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. मामुझो ओसरीत खुर्चीवर होता. पट त्यांनी स्वतःच मांडला होता. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं. “माझ्या आईला मातीत ठेवलं त्या दिवशी तू तिकडे खेळत होतास. तुला माझी आठवण आली का रे?”

तो बघत राहिला. समजलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. वहिनींनी नावाची पाच अक्षरं मांडली, न बघता पिशवीतून आणखी तीन काढली आणि त्याच्यापुढे केली. एल, ई, एस.

त्याला या वेळी फार वेळ लागला. एक शब्द अर्धा लावून त्याने मोडला. मग पुन्हा सुरुवात केली. शेवटी आठही सोंगट्या एका ओळीत उभ्या राहिल्या: ‘लोन्सम’. एकटं, एकाकी.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. “भावजी, खरं सांगा. माझ्या समाधानासाठी काही बोलू नका. हे त्याने मला सांगितलं, की नुसती अक्षरं जुळली?”

मी तो खेळ ओळखून होतो, म्हणून होतं तेच सांगितलं. “त्याच्या मनात काय पोचतं ते देवाला ठाऊक. पण या आठ अक्षरांचा आणखी एक शब्द होतो. मध घातलेल्या जुन्या दारूचं नाव आहे, कुणाला फारसं माहीत नाही. मामुझोला असलेच शब्द आवडतात. मघाशी अर्धा लावला होता तो तोच. तो मोडून त्याने हा लावला.”

सवयीने मी सोंगट्या गोळा करायला हात पुढे केला. मामुझोने डावा पंजा सोंगट्यांवर दाबून धरला. मी ओढून बघितलं, तो सोडेना. तेव्हा वहिनींनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि मी गुपचूप बाहेर आलो.

हार्मॅटनचे कोरडे वारे सुरू झाल्यावर ओगागाने गाडी ठरवली. आम्ही कापड घेतलं, दोन ढोलवाले घेतले आणि वहिनींच्या माहेरी गेलो. अंगणातच सासूची कबर होती. ओगागाने आणि मी मामुझोला दोन्ही बाजूंनी धरून तिच्यासमोर उभं केलं. ढोल वाजू लागले. त्याला नाचणं शक्य नव्हतं. डावा खांदा तेवढा तालावर थोडाथोडा हलत होता. वहिनींच्या भावांनी कापड हातात घेतलं आणि रीतीप्रमाणे त्याला ग्लासात जिन दिली. निम्मी अंगावर सांडली. वहिनींनी ती आपल्या ओढणीने पुसली.

तो पुढे वर्षभर जगला. वाचा काही परत आली नाही. दुपारी ओसरीसमोरून गेलो की दोघं पटाशी बसलेली दिसायची. कधी वहिनी अक्षरं द्यायच्या, कधी तो नुसताच त्यांच्याकडे बघत बसायचा, आणि पटावर काहीच मांडलेलं नसायचं.