राणीसाहेब आणि डबा

बाबांच्या गाडीला घरात सगळे राणीसाहेब म्हणत. पन्नास वर्षांपूर्वीची, काळी, लांबलचक. आत अस्सल चामड्याच्या सीट आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. बाबा दातांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर लोकांचे जबडे बघायला मिळेनात, म्हणून रोज सकाळी राणीसाहेबांचं बॉनेट उघडून आत बघत उभे राहायचे. त्यांच्या मते ती कधी बिघडत नसे, फक्त विश्रांती घेई.

मी साधी पांढरी फॅमिली सेडान घेतली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दारावर टिचकी मारली आणि निदान केलं, "पत्र्याचा डबा." डब्यात सहा एअरबॅग होत्या, एसी होता आणि बटण दाबलं की तो चालू व्हायचा. हे शेवटचं बाबांना फार खटकलं. बटण दाबून काय, मिक्सरही चालू होतो.

आई सदतीस वर्षं राणीसाहेबांत बाजूच्या सीटवर बसली. दार आपटायचं नाही, काचेला बोटं लावायची नाहीत, एवढं तिला जमलं होतं. स्टिअरिंगचा प्रश्नच नव्हता. त्याला फक्त डॉक्टरी हात चालत. एकसष्टाव्या वर्षी तिनं मला हळूच विचारलं, तुझ्या गाडीवर शिकू का? मग दर शनिवारी ती 'विणकामाच्या वर्गाला' जाऊ लागली. चार महिन्यांत एक मोजाही घरी आला नाही, पण बाबांचं सगळं लक्ष कार्बोरेटरकडे होतं.

एका रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. बाबा सूट घालून एकटेच निघाले. अर्ध्या तासात त्यांचा मला फोन आला. राणीसाहेब उड्डाणपुलाच्या चढावर विश्रांती घेत होत्या आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्यांना मानवंदना देत होते. मी किल्ली शोधू लागले, तर ती आईच्या हातात.

आम्ही पोचलो तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगमागे बसलेल्या आईकडे.

"विणकामाचं काय झालं?"

"झालं की. लायसन्स विणलं."

क्रेन राणीसाहेबांना उचलून पुढे आणि आम्ही मागे, अशी वरात निघाली. बाबा आईच्या शेजारी बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. आईचा बरोबर लागत होता. मग ते म्हणाले, "मला कधी विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. लग्नानंतरच्या वर्षी. तुम्ही हसला होतात."

मी मागच्या सीटवर मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

पुढच्या आठवड्यात राणीसाहेब दुरुस्त होऊन आल्या. बाबांनी किल्ली मुकाट्यानं आईपुढे धरली. तिनं गल्लीत एक चक्कर मारली, दंड चोळत उतरली आणि किल्ली परत दिली. म्हणाली, "जड आहे हो फार. तुम्हीच सांभाळा."

मग चष्म्याच्या दुकानात जायचं होतं, तर दोघं माझीच गाडी घेऊन गेले. तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आईनं तीन फेऱ्या मारल्या आणि बाबा एक शब्द बोलले नाहीत, असं आईच सांगते. बाबा हा विषय टाळतात.