एका कपाटातले दोन पाव

“चावी माझ्याकडेच असते,” म्हणत प्रयोगशाळेच्या साहेबांनी ती खिशातून अशी काढली, जणू आत राजाचा मुकुट आहे. आत होते दोन पाव. एक साध्या कागदात, दुसरा लवंगेच्या तेलाचं नि मेणाचं अस्तर लावलेल्या कागदात. वीस दिवस झाले होते. पहिल्यावर बुरशीचं रान माजलेलं असणार आणि दुसरा ताजा असणार, हे बघायला बेकरीचे मालक जातीने आले होते.

अस्तर बनवलं होतं प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने, नाक्याने. सत्तावीस वर्षं तो तिथे हुंगत होता. नाक असं, की शेजारणीचं दूध नासणार हे तो आदल्या दिवशीच सांगून यायचा, तेव्हा गाय अजून चरत असायची. साहेबांकडे नाक नव्हतं, पदव्या होत्या.

“साहेब, दोन कपाटं पाहिजेत,” नाक्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “लवंगेचा वास कागदात बसून राहत नाही. शेजारचा पावही ताजा राखेल तो.”

“तू हुंग. विचार करायला मी आहे.”

दुसऱ्या कपाटात साहेबांना मिळालेल्या ढाली होत्या. त्या कोण हलवणार?

कपाट उघडलं. दोन्ही पाव जुळ्या भावांसारखे गोरेगोमटे.

मालक हसले. “मग आमचा साधा कागद काय वाईट आहे?”

असली माणसं तोंडावर आपटली की आधी खालची पायरी शोधतात. साहेबांनी नाक्याकडे बोट केलं. “यानेच पाव बदलला.”

“चावी तुमच्याकडे होती, साहेब.”

एवढंच बोलला. एवढ्यावर नोकरी गेली, निवृत्तीला चार महिने उरले असताना. पुढच्या वर्षी साहेबांनी गुपचूप दोन कपाटं आणली, शोध स्वतःच्या नावावर लावला, आणि नव्या ढालीसाठी तिसरं कपाट घेतलं.

नोकरी गेली त्या दिवशी नाक्या लवंगेचा वास मुरलेल्या कामाच्या डगल्यातच घरी आला. “धुवायला टाकू?” बायकोने विचारलं.

“नको.” त्याने तो स्वयंपाकघरातल्या कपाटात, पावाच्या फळीशेजारी टांगला.

त्याला जाऊन आता दीड वर्ष झालं. परवा मी, त्याचा जुना मित्र, त्याच्या घरी गेलो, तर वहिनींनी त्याच कपाटातून पाव काढला. डगला अजून तिथेच टांगलेला होता.

“कधीचा?”

“तेरा दिवसांचा. खा भावोजी, काही होत नाही.”

पावावर ठिपकासुद्धा नव्हता. वहिनींनी कपाटाचं दार मात्र लगेच लोटलं, आणि नीट बसलंय ना, ते हाताने चाचपून पाहिलं.