करवत, भोंगा आणि तिसरी मात्रा

करवत हे नाव त्याला त्याच्या गिटारमुळे पडलं. तरुणपणी तो मेटल, म्हणजे कर्कश रॉक, वाजवायचा, आणि त्याची गिटार सुरू झाली की शेजारचे लोक सुतारकाम निघालंय का म्हणून विचारायला यायचे. आता केस विरळ झाले होते, बँड कधीच मोडला होता आणि तो दुसऱ्यांच्या गिटारी दुरुस्त करून पोट भरत होता. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या धाकट्या साडूचं नाव भोंगा. ते करवतनेच ठेवलेलं, आणि काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

भोंग्याचं वाद्य म्हणजे एक लॅपटॉप आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. त्यातून तो असा घुमणारा, डुलणारा बास काढायचा की तावदानं थरथरायची आणि बरगड्या आतून कोणीतरी खाजवतंय असं वाटायचं. मेहुणीचा मित्र म्हणून तो पहिल्यांदा करवतच्या बँडच्या तालमीला आला, टायरच्या दुकानाखालच्या तळघरात. करवतची होणारी बायको तेव्हा बँडमध्ये ड्रम वाजवायची. त्या उन्हाळ्यात तिघांनी मिळून एक गाणं केलं. त्यात मेटल होतं आणि भोंग्याचं ते बासवालं संगीत, डबस्टेप, तेही होतं. मेटलची पोरं त्यावर नाचायला लागली, डबस्टेपची पोरं मेटलवाल्यांसारखी मान झटकायला लागली, आणि शहरात जो तो विचारायला लागला की हे सुचलं कुणाला.

मग दोघी बहिणींची लग्नं झाली. थोरलीने ड्रम एका शाळेला देऊन टाकले आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी धरली. करवतने दुरुस्तीचं दुकान टाकलं. भोंगा मात्र वाजवत राहिला, मोठा झाला, विमानाने जायला-यायला लागला. जिथे जाईल तिथे त्याची ओळख एकच: मेटल आणि डबस्टेपची सोयरीक जुळवणारा माणूस.

ही ओळख करवतच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

एका रविवारी सासुरवाडीला सगळे जेवायला जमले होते. सासूबाई वाढत होत्या. मेहुणी म्हणाली, "यांना रेडिओवर बोलावलंय. डबस्टेप आला कुठून, यावर तासभर चर्चा आहे म्हणे."

"त्यात चर्चा कसली?" करवत ताटातून मान वर न काढता म्हणाला. "दक्षिण लंडनमधून आला. तिथल्या गॅराज नावाच्या नाचगाण्यातून आणि जमैकाच्या डबमधून, त्या घुमत्या बासच्या संगीतातून. अंधारात, हळू, कमी बोलणारं संगीत होतं ते. हल्ली जे कानठळ्या बसवतं त्याला डबस्टेप म्हणू नये असं तिथले जुने लोकच म्हणतात."

"जुने लोक तसं म्हणणारच, दादा," भोंगा हसत म्हणाला. "पण जड तर ते पहिल्यापासून होतं. मेटलही जड. म्हणून तर जमलं दोघांचं."

सासरे कोर्टात कारकून होते, निवृत्त झाले होते. त्यांनी दोन्ही जावयांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला एवढंच सांगा, गॅराज म्हणजे गाड्या ठेवतात तेच ना? मग गाणं म्हणता कशाला त्याला? आवाजाची तक्रार म्हणा."

सगळे हसले. करवतही हसला, पण तोंडदेखलं. दुसऱ्या वेळी वाढायला सासूबाई आल्या त्या आधी धाकट्या जावयाकडे वळल्या, हेही त्याने बघून ठेवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो दुकानात एका बास गिटारची मान घेऊन बसला होता. मानेवरच्या पट्टीत आडव्या ठोकलेल्या, झिजलेल्या तारा कानस मारून सारख्या करायच्या होत्या. रेडिओ ऐकणार नाही असं त्याने घरी सांगितलं होतं, आणि वेळ व्हायच्या आधीच तो लावून बसला होता.

आधी रेकॉर्डचं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ बोलले. डबशिवाय डबस्टेप म्हणजे आईशिवाय पोर, असं त्यांचं मत. मग वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारी एक बाई म्हणाली की आई कोण ते ठाऊक आहे हो, भांडण बापावरून आहे, आणि गॅराजचं नाव घ्यायला लोक उगाच लाजतात. करवत कानस थांबवून ऐकत होता. दोघांचंही त्याला पटत होतं. तेवढ्यात निवेदिकेने भोंग्याला विचारलं, "आणि आपल्या शहरात त्यात मेटल आणलं ते तुम्ही. हो ना?"

"आमच्या घरातच झालं म्हणा ते," भोंगा म्हणाला. "पण आणलं म्हणजे..."

पुढचं ऐकायला करवत थांबलाच नाही. त्याने रेडिओच्या नंबरावर फोन लावला. लागणार नाही असं वाटत होतं, पण लागला, आणि बघता बघता त्याचाच आवाज टेबलावरच्या रेडिओतून एक क्षण उशिराने त्याला ऐकू यायला लागला. त्याने घाईघाईने रेडिओ बंद केला.

"मी यांचा साडू बोलतोय," तो म्हणाला. "त्या गाण्यात गिटार माझी आहे. मी नसतो तर यांच्याकडे नुसता भोंगा होता. मेटल मी आणलं. एवढंच सांगायचं होतं."

स्टुडिओत कोणीतरी खुदकन हसलं.

"दादा, नमस्कार," भोंगा शांतपणे म्हणाला. "गिटार तुमचीच, नाही कोण म्हणतंय? पण आठवून बघा. तुमची गिटार पळायची आणि माझा बास झोपाळ्यावर बसल्यासारखा. दोघांनी किती डोकेफोड केली, एकमेकांच्या वाटेत येत होतो नुसते. जमवलं कुणी ते? ताईंनी. वेग तुमचाच ठेवला आणि स्नेअरचा, त्या कडक ड्रमचा, ठोका दर चारांतल्या फक्त तिसऱ्या मात्रेवर टाकला. तेवढ्याने सगळं अर्ध्या चालीचं वाटायला लागलं आणि आपण दोघं त्यात मावलो. आज मला कोणी विचारलं की सुरुवात कुणी केली, तर मी त्यांचंच नाव घेईन. तेच सांगत होतो."

"ताई म्हणजे कोण?" निवेदिकेने विचारलं.

"दादांच्या मिसेस."

फोन अजून करवतच्या कानाला होता. साडूने श्रेय लाटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. इथे साडूने श्रेय देऊन टाकलं होतं, आणि तेही करवतच्याच घरात. त्याचे कान तापले.

"ते मीच तिला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तसं वाजव म्हणून." आणि त्याने फोन ठेवला.

चष्म्याच्या दुकानातही रेडिओ होता, हे त्याला संध्याकाळी कळलं. बायको घरी आली, चपला काढल्या, चहा टाकला. त्याच्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची. घरात दोघांचं बँडमधलं अरे-तुरेच चालू होतं.

"तू सांगितलं होतंस मला?"

"असेल. इतकी वर्षं झाली. कुणाला आठवतंय."

"भोंग्याला आठवतंय."

"त्याचं काय, त्याला रोज मुलाखती द्यायच्या असतात."

तिने आपला कप बाजूला सारला. "तुला आठवत नसतं ना, तर मला काही वाटलं नसतं," ती म्हणाली. "तुला आठवतंय."

तिचं खरं होतं. त्या उन्हाळ्यात एकदा भोंग्याशी भांडून तो तळघरातून तणतणत बाहेर पडला होता आणि जिन्यावर बसून राहिला होता. खाली बास सुरू झाला, मग ड्रम, आणि तो ठोका मुद्दाम उशीर केल्यासारखा येऊन पडायला लागला. दार बंद होतं तरी त्याच्या पोटऱ्यांना कळलं की जमलं. आपण नसताना जमलं. तो धावत खाली गेला आणि त्यावर इतक्या जोरात गिटार वाजवली की पुढे सगळ्यांनाच वाटलं, हा होता म्हणून झालं.

दुसऱ्याच आठवड्यात निवेदिकेचा बायकोला फोन आला. पुढच्या कार्यक्रमात या, भोंग्याबरोबर तेच गाणं थेट वाजवा. ती आधी नाही म्हणाली, मग विचार करते म्हणाली, आणि मग एका संध्याकाळी कपाटातून ड्रम वाजवतानाचे जुने सपाट तळव्यांचे बूट काढून भोंग्याच्या स्टुडिओवर तालमीला गेली.

करवतचे वाईट दिवस तिथून सुरू झाले. ती परत यायची तेव्हा तळहात लाल झालेले असायचे आणि गाल त्याहून लाल. भूक मोठी लागायची, झोप लगेच लागायची. भांडी घासताना तिची टाच आपोआप फरशीवर पडायची. तिला इतकं खुश त्याने किती दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यात आपला हात नाही याने तो आतल्या आत जळत होता. भोंग्यावर त्याचा तसला संशय नव्हता. असता तर बरं, असं त्याला वाटायचं. त्याला निदान नाव तरी देता आलं असतं. त्याला टोचत होतं ते भलतंच. त्याच्या बायकोच्या हातात काय आहे हे दुसऱ्याने ओळखलं होतं, आणि इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. दुकानात त्याच्या हातून एका चांगल्या गिटारचा, तारा ज्यावर टेकतात तो हाडाचा तुकडा तुटला. गिऱ्हाइकाला त्याने हवामानाचं कारण सांगितलं.

एक दिवस मेहुणी दुकानात आली. भोंग्याची तुटलेली केबल दुरुस्तीला आणली होती. ती भोंगा स्वतः जोडू शकतो हे दोघांनाही माहीत होतं.

"भाऊजी, ताई घरी आल्यावर तिच्याशी बोलत नाही म्हणे तुम्ही."

"ती थकलेली असते."

"ती थकलेली नसते." ती स्टुलावर बसली. "तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच जळताय. मला ना गिटार येते, ना ड्रम. तेव्हाही मी कोपऱ्यात बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. आत्ताही ती दोघं वाजवतात आणि मी ऐकून छान म्हणते. तुम्ही तिघं कुणी काय आणलं यावर भांडता ना, मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटतो. मला भांडायलाही जागा नाही त्यात."

करवतने केबल हातात घेतली, तुटलेलं टोक डाख देऊन जोडलं, ओढून पाहिलं. "पण भोंग्याला भेटवलं कुणी?" तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आम्हाला. तूच आणलंस ना त्याला तळघरात."

"मग सांगा की रेडिओवर," ती म्हणाली, आणि दोघंही थोडं हसले.

कार्यक्रमाच्या दिवशी तो बायकोबरोबर गेला. तिने बोलावलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. स्टुडिओच्या बाहेर, काचेच्या अलीकडे, आतलं ऐकवणाऱ्या स्पीकरखाली, त्याला एक खुर्ची मिळाली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याने निवेदिकेला गाठलं.

"मागच्या वेळी मी फोनवर खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "मी तिला काही सांगितलं नव्हतं. तेवढं सुधारायचंय."

निवेदिका हातातले कागद चाळत होती. "आज वेळ फार कमी आहे हो," ती म्हणाली. "पण मी बघते." ती आत गेली आणि लाल दिवा लागला.

तिने बघितलं नाही. तिने आधी म्हाताऱ्या गृहस्थांना आणि त्या लिहिणाऱ्या बाईला पुन्हा एकदा आई-बापावरून भांडू दिलं, मग ड्रमजवळ बसलेल्या थोरलीला विचारलं, "तुमचं काय मत? सुरुवात कुठून झाली?"

"डबस्टेप कुठून आला ते मला माहीत नाही," थोरली म्हणाली. "ते यांनी ठरवावं. आमच्या गाण्याचं सांगते. हे दोघं सारखे भांडायचे. एक दिवस माझे हे चिडून बाहेर निघून गेले, आणि खोलीत जरा जागा झाली. तेव्हा मला सावकाश वाजवून बघता आलं."

स्टुडिओत हशा पिकला. म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसायला लागले. काचेपलीकडून भोंग्याने करवतकडे पाहिलं, जरा अपराध्यासारखं. बायकोने पाहिलं नाही. तिने काठ्या उचलल्या.

गिटारशिवाय ते गाणं उघडं वाटेल असं करवतला वाटलं होतं. तशी त्याची इच्छाच होती. पण तसं काही झालं नाही. जिथे त्याची गिटार असायची तिथे तिने रिकामी जागा ठेवली होती, आणि मग तो ठोका येऊन पडायचा. तो येणार हे माहीत असूनही दर वेळी तो आल्यावरच श्वास सुटायचा. करवतची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. त्याने ती मुठीत धरून ठेवली. इतकं चांगलं वाजवणाऱ्या कुठल्याही माणसाचा त्याला हेवा वाटला असता; ही तर त्याच्याच घरात राहत होती.

बाहेर आल्यावर दोन मुलींना तिच्याबरोबर फोटो हवा होता. त्यांनी फोन करवतच्याच हातात दिला. "काका, काढता का जरा?" त्याने काढला. एकीचे डोळे मिटले होते म्हणून दुसराही काढला. भोंगा गाडीत सामान भरत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी गिटार आणा."

"बघू," करवत म्हणाला. त्याहून गोड काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

घरी जाताना गाडी तो चालवत होता. बायको खिडकीतून बाहेर बघत गुडघ्यावर बोटं वाजवत होती. मग तिने विचारलं, "त्या बाईशी आधी काय बोलत होतास?"

"फोनवर जे बोललो ते खोटं होतं, एवढंच. वेळ नाही म्हणाली."

"मला सांगायला वेळ लागत नाही."

"तुलाच सांगतोय." सिग्नलला गाडी थांबली. पुढचं वाक्य त्याला जड गेलं. त्याने ते आजवर कधी तिला विचारलंच नव्हतं. "तिसरीच मात्रा का? तुला कळलं कसं?"

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, तो टोमणा मारतोय का ते तपासून घेतलं, आणि मग सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तिने डॅशबोर्डवर वाजवून दाखवलं. मधे ती दोनदा म्हणाली, भोंग्याचा बास ऐकूनच सुचलं, आणि दोन्ही वेळा त्याला ते लागलं. दिवा हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला. करवतने गाडी पुढे काढली आणि ती ऐकू यावी म्हणून काच वर केली.