लायलॅकखालचा जोसेफ

मी संत जोसेफ बोलतोय. आवाज दबका येईल, कारण मी जमिनीखाली आहे. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. मी डोक्यावर उभा आहे.

खरा संत मी नव्हे. बोटभर उंचीचा प्लास्टिकचा पुतळा. साच्यातून निघालो आणि चर्चच्या दुकानात मेणबत्त्यांशेजारी टोपलीत पडून राहिलो. आम्हाला पूजेसाठी फारसं कुणी नेत नाही. ज्याला घर विकायचंय तो नेतो, आणि अंगणात उलटं पुरतो, तोंड घराकडे करून. डोक्यावर उभ्या संताला सुटकेची घाई होते, मग गिऱ्हाईक लवकर येतं, अशी समजूत. घर विकलं की मात्र उकरून नव्या घरी न्यायचं. हा शब्द पाळावा लागतो.

मला आणलं इरीना वोझ्नियाकनं. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या या घरात ती लग्न होऊन आली आणि इथंच म्हातारी झाली. नवरा गेल्यावर मुलगी मोनिका तिला नॉर्वेला न्यायला आली होती.

"आई, बाहुला पुरून घर विकतं होय?"

"तुझ्या एजंटानं उन्हाळाभर पाटी लावून काय दिवे लावले?"

मी लायलॅकच्या झुडपाखाली गेलो आणि आठवड्याच्या आत घर विकलं.

मातीतून घर छान ऐकू येतं. खोकी ओढल्याचं, चिकटपट्टी फाडल्याचं, ताटं कागदात गुंडाळताना इरीना मध्येच थांबल्याचंसुद्धा. आणि दुपारी कुणीतरी सपाता घाशीत जिना उतरायचं. तेव्हा त्या दोघी खाली स्वयंपाकघरात असायच्या.

"डूडेकबाई, दमानं," इरीना म्हणायची. "तिसरी पायरी सैल आहे."

"कोणाशी बोलतेस?"

"आपल्याआधी इथं राहायची तिच्याशी. अ‍ॅरिझोनाला गेली, मुलाकडे. जोसेफ उकरायचा राहिला. संत मागे राहिला की माणूसही मागेच राहतं."

"पाइप वाजतात, आई."

"पाइपांना सपाता कशाला लागतात?"

मोनिका हसली. इरीना हसली नाही. "मी तशी अर्धीमुर्धी येणार नाही तुझ्याकडे," ती म्हणाली. "आले तर सगळी येईन."

माझ्या कुशीला काय टोचतंय ते मला तेव्हा कळलं. मातीत आणखी एक जोसेफ होता. प्लास्टरचा, जड, नाकडोळे झिजून गेलेला. माझ्याशी तो एकदाच बोलला. "तू घाई करू नकोस," म्हणाला. "माणसांना असते तेवढी पुरते."

निघायच्या दिवशी माती थंडीनं कडक झाली होती. इरीना डावा गुडघा कटकन वाजवत खाली टेकली आणि खुरप्यानं उकरू लागली, रस्त्यावर टॅक्सी हॉर्न देत होती. खुरपं माझ्या पायाला घासून गेलं. मग तिची बोटं आत आली, चाचपडली, आणि माझ्या शेजाऱ्याभोवती मिटली.

"इतका जड नव्हता गं हा."

"माती लागलीय. तिकडे गेल्यावर धू. चल आई, विमान थांबायचं नाही."

तिनं त्याला रुमालात गुंडाळलं. चेहरा कुणी पाहिला नाही; पाहण्यासारखा उरलाही नव्हता. खड्डा तिनं पायानं बुजवला. माझ्यावर.

त्या दुपारी रिकाम्या घरात सपाता घासल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं लायलॅकची मुळं म्हणाली. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळानं जिन्यावर दुसरीच पावलं आली. डावा गुडघा कटकन वाजला. तिसऱ्या पायरीवर पाऊल पडलंच नाही. ती ओलांडून बाई खाली आली, स्वयंपाकघरात गेली आणि जिथं टेबल असायचं तिथं थांबली.

तिकडे नॉर्वेत विमानातून कोण उतरलं, ते मला सांगता येत नाही.

आता घरात एक नवं जोडपं आहे. नवरा म्हणतो, पाइप वाजतात. नवी नवरी मात्र जिन्याशी थांबून ऐकते, हे मला जमिनीतून कळतं.

तर पोरी, तुलाच सांगतो. बर्फ वितळलं की लायलॅकखाली उकर. मला सरळ कर आणि इरीनाकडे पाठव. तोवर दुपारी चहा टाकशील तेव्हा जिन्याकडे बघून एकदा विचार, घेणार का म्हणून. पायरीचं सांगू नकोस. ती तिला माहीत आहे.