कार्ड देव्हाऱ्यात, जाळी पोटात

मी चिमटा बोलतोय. डॉक्टर मला क्लॅम्प म्हणतात. पोटातली मोठी रक्तवाहिनी दाबून धरायची आणि सुटू द्यायची नाही, एवढंच माझं शिक्षण.

वर्धा जिल्ह्यातल्या एका इस्पितळात मी १९९१ साली आलो. रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली की पोट उघडायचं, मला लावायचं, आत कापडी नळी शिवायची. माणूस पंधरा दिवस कण्हायचा, पण काम पक्कं व्हायचं.

मग जाळी आली. तारेची नळी, अंगावर कापडाचा झगा. जांघेतून आत सरकवायची, पोट फाडायला नको. तरुण डॉक्टर तिच्याकडे नव्या नवरीसारखे बघायचे. मी खालच्या कप्प्यात गेलो.

आंजी गावच्या रूपरावांनी २००३ मध्ये नागपुरात ही जाळी बसवून घेतली. २००८ मध्ये पोट धरून आमच्या टेबलावर आले. जाळी खाली सरकली होती. बाजूनं रक्त शिरून फुगा कवठाएवढा झाला होता, कधी फुटेल सांगता येत नव्हतं.

डॉक्टर नंदिनींनी विचारलं, "दरवर्षी तपासणीला बोलावलं होतं ना? कार्ड कुठाय?"

"देव्हाऱ्यात हाय, बाई. हयदकुंकू लावून ठेवलं."

"आणि तपासणी?"

"दुखतच नव्हतं, त काऊन जाऊ? टाके नाई, काई नाई. तिसऱ्या दिवशी त पानठेल्यावर गेलतो मी!"

फुशारकी पाहा. मरण पोटात घेऊन पानठेल्यावर.

भूल दिली, पोट उघडलं. माझ्या नेहमीच्या जागी सरकलेल्या जाळीचे आकडे रुतलेले. मला मूत्रपिंडांच्या नसांच्याही वर लावावं लागलं. तिथे फार वेळ धरलं तर मूत्रपिंडं जातात, सोडलं तर माणूस जातो.

"हा म्हातारा धरेल ना?" मदतनीस डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाला.

मी धरलं. सत्तावीस मिनिटं. तोवर नंदिनीबाईंनी जाळी उपसली आणि नवी नळी शिवली. मला सोडलं तसं रक्त खाली उतरलं आणि रूपरावांचे पाय गरम झाले. थोड्या वेळानं लघवीही उतरली, म्हणजे मूत्रपिंडं वाचली.

काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे रीत आहे. नंदिनीबाईंच्या हातातल्या ट्रेमध्ये जाळी, शेजारी मी. दारात शकुंतलाबाई उभ्या, रूपरावांची बायको. जाळीकडे बघत म्हणाल्या, "आता हेबी देवापाशी ठेवू काय?"

मग पदरातून कार्ड काढलं. देव्हाऱ्यातून उचलून आणलेलं. पुढच्या तपासणीची तारीख नेमकी कुंकवाखाली दबली होती. त्यांनी नखानं कुंकू खरवडलं. तारीख निघाली, २००४ ची.

"बाई, नवीन कार्ड द्या. ते मी माह्यापाशी ठेवतो. त्याईच्या हाती नाई देत."

त्या घरात अक्कल होती तर! फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता मी वरच्या कप्प्यात आहे, वाफेत तावून, पुसून, तयार. जाळी खुशाल बसवा. पण तारखेला जा. मला भेटायची हौस धरू नका. मलाही तुमची नाही.