अ ते न

मी अर्धा शब्दकोश. अर्ध्यानंच बोलतोय, सांभाळून घ्या. 'अ'पासून 'न'पर्यंतचे शब्द माझ्यापाशी आहेत. 'प'पासून पुढचे अकोल्याला राहतात.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. जाडजूड होतो, पाठीला कातडं होतं. अमरावतीच्या एका संस्कृतच्या मास्तरांनी मला हौसेनं घरी आणलं. एवढे शब्द पोटात घेऊन बसलो, पण शाळा मी शिकलो नाही. कोणी पान उघडलं की ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

रविवारी मास्तर आणि त्यांची दोन मुलं, थोरले कमलाकांत आणि धाकटे उद्धव, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसत. साधं नव्हे हो. सूचना अशी आडवळणाची, की वाचणारा भलतीकडेच जावा. तिघं मला ओढत. माझ्या कडा तेव्हाच झिजल्या, पण ते झिजणं सुखाचं होतं.

मग मास्तर गेले. साल चोपन्न. उद्धवराव तोवर अकोल्याला वकिलाकडे कारकून होते. दोघे वाटणीला बसले. भांडी झाली, कपाटं झाली, आवाज कुठं चढला नाही. माझ्यावर येऊन अडलं. दोघंही म्हणत, बाबांचा कोश मला हवा. पंच म्हणून शेजारचे खुशालराव बसले होते. दुपार टळली तरी त्यांची सुटका होईना.

"काहून भांडून राहिले रे?" ते वैतागले. "उसवा त्याले, अन् तागडीत घालून घ्या अर्धं अर्धं!"

मग कमलाकांतांनी खरंच चाकू आणला.

"अरे बाप्पा! म्या तं रागानं म्हटलं," खुशालराव उभेच राहिले. "तुमी शिकलेले लोकं, अन् खरंच कापून राहिले?"

माझी शिवण उसवली. पानं दोन पारड्यांत टाकत गेले. 'न' संपला तिथं काटा मध्यावर आला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

पुढं कमलाकांत, तेही मास्तरच, एकटे कोडं सोडवू लागले. 'प'च्या पुढचा शब्द लागला की माझ्या शेवटच्या पानावर बोट ठेवून बसत. पान उलटलं की आणखी निघेल, असं वाटत असावं. मी कुठून काढणार?

अठ्ठावन्नच्या दिवाळीला फार अवघड कोडं आलं. सगळं बरोबर सोडवणाऱ्यांची नावं छापणार होते. बाबांच्या नावासकट आपलं नाव छापून यावं, एवढाच ध्यास कमलाकांतांनी घेतला. बारा दिवसांनी एकच शब्द उरला. 'पाय नाहीत, गावभर फिरते. दोर तुटला की कोणाची नाही.' तीन अक्षरं, पहिलं 'व', काना-मात्रा आपली आपण लावायची.

"अहो, उद्धवभाऊजींना एक कार्ड टाका ना," त्यांच्या पत्नी कुंदाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

"त्याला विचारू? त्याला?"

"मग मी टाकते."

"खबरदार. कोडं माझं आहे."

"कोडं तुमचं आणि शब्द त्यांच्याकडे. बसा मग."

ते बसले. शेवटच्या दिवशी त्यांनी 'वरात' लिहून टाकलं. दोराचा वरातीशी काय संबंध, हे त्यांनाही कळत होतं.

आता त्यांना ठाऊक नव्हतं ते सांगतो. दुपारी ते शाळेत गेले की कुंदाबाई पदराला हात पुसून मला उघडत. हातात अकोल्याचं कार्ड असे. 'वहिनी, जरा "झ"मध्ये बघता का?' त्या बघत आणि उलट टपाली कळवत. अशी चार वर्षं गेली. मी सगळं पाहत होतो, पण सांगू कसं?

उत्तर छापून आलं. 'वावडी', म्हणजे पतंग. सगळ्या वऱ्हाडातून एकच नाव होतं, उद्धवरावांचं. मध्ये बाबांचं नाव. कमलाकांतांनी दोनदा वाचलं.

"याला माझ्या भागातले शब्द सांगितले कोणी?"

"मी," कुंदाबाई म्हणाल्या. "ते विचारत होते. तुम्ही विचारत नव्हता."

ते पाटावर बसले. जेवले. ताक दोनदा मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड लिहिलं. 'चि. उद्धव यास आशीर्वाद. नाताळच्या सुट्टीत ये. येताना तुझा अर्धा भाग घेऊन ये.' पत्ता नीट घातला. शाळेत जाताना टाकीन म्हणून माझ्यात ठेवलं.

त्याला आठ वर्षं झाली. त्या वर्तमानपत्रानं कोडं देणंच बंद केलं, तशी अकोल्याची कार्डं थांबली. कुंदाबाईंना मला उघडायचं कारण उरलं नाही, नाहीतर त्यांनी ते कार्ड कधीच टपालपेटीत टाकलं असतं. कमलाकांत मात्र रविवारी मला फळीवरून काढतात, कार्ड वाचतात, शाई पुसट झाली तिथं पुन्हा गिरवतात आणि परत ठेवतात.

बाबांनो, कोणी आमच्या घरी आलात तर मला उघडा. 'द'च्या पानांत आहे ते. मला हात नाहीत, आणि त्यांना असून उपयोग नाही. तेवढं पेटीत टाका.